अक्काचा पासवर्ड

मी छत्तीस वर्षं रेल्वेत काढली. त्यातली बहुतेक बडनेरा आणि अकोल्याच्या मधल्या लहान स्टेशनांवर, स्टेशन मास्तर म्हणून. या नोकरीने माझा आवाज मोठा केला आणि स्वभाव कडक, असं माझी बायको म्हणते. आवाजाचं खरं आहे. स्वभावाचं मला मान्य नाही, पण नियमाच्या बाबतीत मी कधी कोणाचं ऐकून घेतलं नाही एवढं कबूल करतो. आता अमरावतीला बडनेरा रोडवर घर आहे, पेन्शन आहे, सकाळचं फिरणं आहे, आणि दर रविवारी गाडीत बसून अकोल्याला थोरल्या बहिणीकडे जाणं आहे.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. अकोटकडच्या एका खेड्यात ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायची. रोज एसटीने जायची, एसटीने यायची. भावजी गेल्यापासून ती अकोल्याच्या घरात एकटी राहते. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. एकटी म्हणजे बिचारी, असं मात्र कोणी समजू नये. गल्लीतल्या निम्म्या लोकांना ती अजून विद्यार्थी समजते आणि ते लोकही तसेच वागतात. निवृत्त झाल्यावर तिने फोनवर मेल लिहायला शिकून घेतलं आणि जुन्या विद्यार्थ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. कोणी सुरतेला कारखान्यात, कोणी नागपुरात वकील, एक मुलगी थेट कॅनडात. पोरं हौसेने लिहायची, अक्का उत्तर द्यायची, आणि उत्तराच्या शेवटी त्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढायची. चाळिशी गाठलेल्या माणसांना ते आवडायचं, याचं मला नवल वाटे.

हा मेल मीच तिला उघडून दिला होता. पासवर्डही मीच घातला. आमच्या गावाचं नाव, पुढे तो शेपटीवाला ए, पुढे एक-दोन-तीन. माझा तोच, बायकोचा तोच, मुलीचा तोच, दोन चुलत भावांचा तोच. सगळ्या घराला एकच किल्ली, विसरायची भानगड नाही, आणि ही सोय माझ्या डोक्यातून निघाली म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी अक्काचा फोन आला. "तू ये," एवढंच म्हणाली.

"काय झालं?"

"ये मनलं ना."

मी मिळेल ती गाडी धरून गेलो. भर दहा वाजता घराच्या खिडक्या बंद होत्या. अक्का पलंगाच्या कडेला बसली होती आणि फोन तिने टेबलावर उपडा ठेवला होता. हळूहळू कळलं ते असं. कोणीतरी तिच्या मेलमध्ये शिरलं होतं आणि तिच्या नावाने तिच्या सगळ्या विद्यार्थ्यांना, नातेवाइकांना, जुन्या शिक्षकांना घाणेरडी चित्रं पाठवली होती. खाली तिचं नाव. कॅनडातल्या मुलीने रडत फोन केला होता, "बाई, हे तुम्ही नाही हे मला माहीत आहे." आणखी तिघा-चौघांनी फोन केले.

मी म्हटलं, "लोकांना समजते अक्का, असं होत राहते."

"ज्यायनं फोन केला त्यायचं ठीक हाये," ती म्हणाली. "ज्यायनं नाई केला, त्यायले काय वाटलं असन?"

पन्नास वर्षांत मी तिला कोणापुढे मान खाली घातलेली पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती दूधवाल्यालाही सामोरी गेली नाही, मी गेलो.

दुपारी भाच्याचा फोन आला. अक्काने तो स्पीकरवर लावला. पोरगा चांगला आहे, हे आधीच सांगतो. पुण्यात राहून त्याची भाषा धुतल्यासारखी झाली आहे, पण आईवर जीव आहे. तो म्हणाला, "मामा, तुम्ही तिला समजवा. आज मेल गेला, उद्या काय जाईल? ती एकटी तिथे, मी इथे. मला झोप लागत नाही. तिचं सगळं आता मी बघतो. फोनही साधा घेऊन देतो. घर बंद करू आणि ती इकडे येईल. मी दोन आठवड्यांनी रविवारी येतोय, तेव्हाच घेऊन जातो."

अक्काने फोन जवळ ओढला. मग म्हणाली, "पंधरा दिवस दे मले. तू येशीन तवा मीच तुह्यापुढे सगळं उघडून दाखवीन. माह्यं मले सांभाळता येते का नाई, तू पाय. नाई जमलं तर कुलूप लावून येईन तुह्यासंगं."

"आई, असं परीक्षेसारखं नको गं."

"परीक्षाच हाये," अक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

घर बंद करणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते पुन्हा उघडलं नसतं.

आता माझा राग. मला राग आला की तो कोणावर तरी काढावा लागतो, आणि त्या दिवशी तो निघाला कोपऱ्यावरच्या ऑनलाइन सेंटरवाल्यावर. पन्नाशीचा माणूस, दाढी मेंदीने रंगवलेली, दुकानात दोन कॉम्प्युटर आणि एक झेरॉक्सचं मशीन. अक्काचे फॉर्म, हयातीचा दाखला, सगळं तोच करून द्यायचा. आणि त्याच्याकडे एक रजिस्टर होतं, त्यात साऱ्या गिऱ्हाइकांची नावं आणि पुढे त्यांचे पासवर्ड. लोक विसरतात म्हणून तो लिहून ठेवायचा, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. मी दुकानात शिरलो तो चढ्या आवाजातच. तुझ्या रजिस्टरातूनच गेलं, असं चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो.

तो उठला, खुर्ची पुढे केली. "मास्तर, पहिले बैठो. पानी पियो. मंग गुस्सा करजा."

मी बसलो नाही. त्याने रजिस्टर काढून माझ्यापुढे उघडं ठेवलं, नावांवर हात आडवा धरला आणि फक्त पासवर्डांची रांग मला दाखवली. "ये पूरा पन्ना पहा. गाव का नाम, एक-दोन-तीन. पोट्ट्याचं नाव, एक-दोन-तीन. देव का नाम, एक-दोन-तीन. चोराले रजिस्टर कायले पाहिजे?"

मी पाहत राहिलो. अक्काचा त्यात होता, आणि तो माझाही होता.

"आमचे अब्बा गेटवर होते मास्तर," तो म्हणाला. "फाटकावर. मी लहानपणी तथीच बसून अभ्यास केला. अब्बा स्टेशनवर फोनवरून नंबर सांगत, तो कागद पाहून सांगत का मनातून?"

"कागद पाहून," मी म्हणालो.

"मंग तुमी घरी काहून मनातून?"

यावर मी खाली बसलो आणि पाणी प्यालो.

ज्यांना रेल्वेचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडी यायची असली की मास्तर फाटकावरच्या गेटमनला फोन करतो. गेटमन फाटक लावून कुलूप घालतो आणि एक नंबर सांगतो, दोन आकडी. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. मास्तरने तो परत म्हणायचा, वहीत त्या गाडीपुढे लिहायचा, आणि मगच सिग्नल द्यायचा. हे नंबर छापील कागदावर येतात, उलटेसुलटे, कशाला काही मेळ नसलेले. गेटमनने त्यातलाच पुढचा सांगायचा आणि सांगितला की तिथल्या तिथे खोडायचा. मनाने नंबर सांगायचा नाही, कारण माणसाच्या मनात ठरावीकच आकडे येतात, आणि झोपेतला माणूसही ते सांगू शकतो. मी एका गेटमनला याच कारणासाठी मेमो दिला होता. तो गरीब माणूस, हातापाया पडला, तरी दिला. आणि तोच मी साऱ्या खानदानाला गावाचं नाव आणि एक-दोन-तीन वाटून बसलो होतो.

सेंटरवाल्याने अक्काच्या ओळीवर स्केचपेन फिरवला. मेल अजून तिच्या फोनवर उघडा होता म्हणून बरं. त्याने घरी येऊन त्याला तात्पुरता नवा पासवर्ड लावून दिला. मग दुकानात परत नेऊन मला त्याच्या कॉम्प्युटरवर एक पान दाखवलं. पासवर्ड जनरेटर. एक पट्टी होती, ती सरकवली की अक्षरं वाढतात. खाली चौकोन होते: मोठी इंग्रजी अक्षरं पाहिजेत का, आकडे पाहिजेत का, चिन्हं पाहिजेत का. बटण दाबलं की पासवर्ड तयार. सोळा अक्षरांचा, ना आगा ना पिछा. पुन्हा दाबलं की दुसरा. मी दहा-बारा वेळा दाबलं. मला एवढा आनंद नातू झाला तेव्हा झाला होता. हा तर आमचा छापील कागद, आणि कधी न संपणारा. मी त्याला म्हणालो, "आता मला कोणी शिकवायचं काम नाही. हे आमचंच काम आहे."

"मास्तर, दो बात और सुन लो," तो म्हणाला. पण मला गाडी गाठायची होती. त्या दोन गोष्टी मी ऐकल्या नाहीत.

पुढच्या रविवारी मी अक्काला शिकवायला बसलो. तिने चष्मा पुसला, पाठ ताठ केली आणि बटण दाबलं. फोनवर आलेल्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

"यात शब्द कोणता हाये?"

"शब्द नाई त्यात."

"मंग वाचाचं कसं?"

"वाचाचंच नाई. पाहून लिवाचं."

"असं एखाद्या लेकरानं लिवून आणलं असतं तं मी त्याले बाकावर उभं केलं असतं," ती म्हणाली. तरी तिने पुन्हा दाबलं. एक आलेला तिला दिसायला ओबडधोबड वाटला म्हणून सोडला. एकात दोन टक्केचिन्हं शेजारी होती, ती नको म्हणाली. शून्य कोणतं आणि ओ कोणता हे कळेना, म्हणून मी तो चौकोन शोधून काढला, जो दाबला की सारखी दिसणारी अक्षरं येतच नाहीत. यावर तिने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. शाळेत असताना ती मला गणित शिकवायची. त्यानंतर तिने माझ्याकडे तसं पाहिल्याचं आठवत नाही. मी फुगलो, आणि तिथेच घोळ झाला.

मी तिला पद्धत घालून दिली. पूर्ण रेल्वेची. एक वही तिच्याकडे, एक माझ्याकडे. काम झालं की मेल बंद करायचा, उघडा ठेवायचा नाही. रोज सकाळी कालच्या पासवर्डने उघडायचा, तो खोडायचा, आणि जनरेटरमधून नवा काढून उद्यासाठी लावायचा. मग मला अमरावतीला फोन करायचा, तो वाचून दाखवायचा, मी तो परत म्हणायचा, दोन्ही वह्यांत तारीख घालून लिहायचा. एकदा वापरला तो संपला. खोडताना असा खोडायचा की खाली काय होतं ते देवालाही वाचता येऊ नये.

"रोज?" अक्काने विचारलं.

"रोज. गाड्या रोज येतात."

सोमवारी बरोबर नऊला तिचा फोन आला. ती वाचत होती, मी मोठ्याने परत म्हणत होतो, कॅपिटल के, छोटा आर, चार, डॉलर, आणि माझा आवाज म्हणजे शेजारच्या दोन घरांत जातो. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "आता मलेही पाठ झाला." मी लक्ष दिलं नाही. मंगळवारीही तसंच झालं. नऊच्या फोनची मी साडेआठपासून वाट पाहायचो. निवृत्तीनंतर इतक्या दिवसांनी सकाळी कोणीतरी मला नंबर देत होतं, आणि मी वहीत लिहून घेत होतो. मला फार बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

बुधवारी फोनवर नंबर देऊन-घेऊन झाल्यावर अक्का म्हणाली, "एक इचारू का? नवा लावताना ते दोनदा टाकाले लावते. मंग तो वापरला झाला का नाई?"

मी विचार केला नाही. छत्तीस वर्षांचं उत्तर तोंडावर होतं. "वापरला. खोड."

तिने खोडला. मीही माझ्या वहीत खोडला, जाड निळ्या पेनाने, आडवा-उभा.

गुरुवारी नऊला फोन आला नाही. साडेनऊला मी केला. ती म्हणाली, "उघडत नाई. ते आजचा मागून राहिलं. आजचा आपण काल खोडला."

मी माझी वही खिडकीजवळ नेऊन उजेडात धरली. पान उलटं करून पाहिलं, भिंग लावलं. काहीही दिसत नव्हतं. खोडण्याच्या कामात आम्ही बहीण-भाऊ कधी कमी पडलो नाही. तेवढ्यात अक्काने अंदाजाने चार-पाच वेळा काहीतरी टाकून पाहिलं होतं, आणि मेल पुरता बंद झाला. आता तो म्हणत होता, ओळख पटवा. नोंदवलेल्या मोबाइलवर कोड पाठवतो. नोंदवलेला मोबाइल भाच्याचा होता. कधीकाळी त्यानेच काळजीपोटी स्वतःचा नंबर तिथे घालून ठेवला होता. रविवार तीन दिवसांवर होता.

मी त्याच दुपारी अकोल्याला पोचलो. गाडीत सारा वेळ मला एकच दिसत होतं, अक्का पुण्याच्या कुठल्यातरी सातव्या मजल्यावर खिडकीत बसली आहे आणि तिच्या हातात साधा फोन आहे. आणि हे मी केलं होतं. पहिला पासवर्ड माझा, दुसरी पद्धतही माझी. घरात शिरल्या शिरल्या मी तिला तोड सुचवली: भाच्याला सांग, गॅसच्या नोंदणीचा कोड तुझ्या फोनवर येईल तो दे. त्याला काय कळतंय.

अक्काने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा पाचवीत गेलो. "लबाडी करून घर राखू का?"

तिने भाच्याला फोन लावला. स्पीकर लावला नाही, पण खोली लहान होती, सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "माह्या हातून मेल बंद पडला. आता तुह्या फोनवर एक कोड येईन. तो सांग मले."

तो म्हणाला, "आई, हेच मी म्हणत होतो ना? कशाला त्रास करून घेतेस? कोड माझ्याकडे येतोय, मीच उघडतो आणि लावून ठेवतो."

"तू नको लावू. सांग. मी लिवून घेतो." व्हराडात बायकाही अशाच बोलतात, घेतो-देतो, आणि अक्का घरात कधी शाळेची भाषा बोलली नाही.

मग त्याचा आवाज बदलला. "आई, तुला माझ्याकडे यायला इतकं नको वाटतं का गं?"

अक्काचे डोळे भरले, पण आवाज सरळच होता. "तुह्याकडे याले मले आवडते. दिवाईले येईन, उन्हाळ्यात महिनाभर राहीन. घर बंद करून याले आवडत नाई."

त्याने कोड सांगितला. तिने तो वहीत लिहिला, परत म्हणून दाखवला आणि फोन ठेवला. मग चष्मा, फोन आणि ऑनलाइन सेंटरवाल्याने दिलेली एक चिठ्ठी घेऊन ती मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. चिठ्ठीचं मला माहीतच नव्हतं. मी न ऐकलेल्या त्या दोन गोष्टी तिने मधल्या दिवसांत दुकानात जाऊन ऐकल्या होत्या.

मी बाहेरच्या खोलीत येरझारा घालत होतो. दोनदा दारापाशी गेलो, पट्टी सोळावर ठेव असं सांगावंसं वाटलं, आणि परत आलो. माझ्या उभ्या आयुष्यात अक्का एका बाजूला काही करते आहे आणि मी दुसऱ्या बाजूला नुसता थांबलो आहे, असं झालं नव्हतं. अर्धा तास गेला असेल. दार उघडलं.

"झालं," ती म्हणाली. "उघडला. पोराचा नंबर काढून माहा टाकला."

मी वही उघडली, पेन काढलं. "सांग."

"नाई."

"अगं, मी लिहून घेतो. तू विसरशीन."

"लिवून ठेवला हाये. कुठी, ते नको इचारू." तिने चिठ्ठी माझ्यापुढे केली. त्यावर मोठ्या अक्षरांत दोनच ओळी होत्या: एकदा चांगला लावला की उगीच बदलायचा नाही. कोणालाही सांगायचा नाही, घरच्यांनाही नाही.

मी तिला समजावून पाहिलं. नंबर दोघांकडे असला तरच तो खरा, एकट्याकडचा नंबर म्हणजे काहीच नाही, असं मी छत्तीस वर्षं धरून चाललो होतो आणि त्यावर गाड्या नीट गेल्या होत्या. ती म्हणाली, "तो तुमचा दोघायचा नंबर होता. हा माहा एकटीचा हाये." मला वाईट वाटलं. राग नव्हता तो, वाईटच वाटलं. तिने केलेली वांग्याची भाजी मी न बोलता खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो. दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, फोन वाजला नाही, आणि मी उगीचच बायकोशी भांडलो.

रविवारी भाचा आला. मीही गेलो होतो. जेवणं झाल्यावर अक्का खुर्चीत बसली, फोन हातात घेतला आणि आम्हाला म्हणाली, "तिकडे पाहा." आम्ही दोघे बापे माणसं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिलो. मागे तिचं एकेक अक्षर दाबणं ऐकू येत होतं, सावकाश, मध्ये थांबून. मग ती म्हणाली, "आता पाहा." मेल उघडला होता. तिने सगळ्या विद्यार्थ्यांना शुक्रवारीच एक पत्र लिहिलं होतं, झालेल्या प्रकाराबद्दल, सहा ओळींचं, आणि खाली उत्तरं आली होती. गप्प बसलेल्यांपैकीही काहींची होती. भाच्याने ती खालपर्यंत पाहिली. खुर्ची ओढून आईशेजारी बसला.

"ठीक आहे आई," तो म्हणाला. "राहा इथेच. मी दर महिन्याला येत जाईन."

अक्काने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मला हायसं वाटलं. मी चहाचं विचारणार होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "फक्त तो पासवर्ड मला सांगून ठेव. मला नाही तर मामांना. उद्या तुला काही झालं तर?"

मी मान डोलावली. माझ्याही मनात तेच होतं.

अक्काने फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "मले काई झालं तं तुमी घर उघडसान, कपाट उघडसान, माही पेटी उघडसान. उघडा, माही ना नाई. पण हे राहू द्या. लगनाच्या आधी माह्यी पत्रं आमचे बाबा पयले वाचत, मंग मले देत. लगनानंतर तुह्ये बाबा पयले वाचत, मंग मले देत. दोघंई चांगले होते, वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. पण माह्यं पत्र पयल्यांदा मीच उघडलं, असं माह्या जल्मात आता कुठी होऊन राहिलं."

अक्काने दोघांचीच नावं घेतली होती, आणि माझ्याकडे ती पाहतही नव्हती. पण तिचा पासवर्ड माझ्याकडे होता, तो मीच घातला होता, आणि इतकी वर्षं सकाळी चहा पिता पिता मी माझ्या मेलआधी तिचा उघडून पाहत होतो. तिच्या पोरांची पत्रं मी वाचायचो आणि अकोल्याला फोन करून सांगायचो, अक्का, सुरतेवाल्याचं पत्र आलं, त्याला मुलगी झाली. अक्का, कॅनडावालीचं आलं, तिथे बर्फ पडून राहिला. ती म्हणायची, "हाव का." मला वाटायचं, तिला आनंद झाला.